लेखनास आरंभ कसा करावा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पारनेर येथे दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षीच्या स्मरणिकेचे काम चालू असता चिटणीसांनी आमच्या घरी मुद्रितांचा एक गठ्ठा आणून ठेवला आणि शुद्धलेखन तपासून देण्याची आज्ञा केली. त्या गठ्ठ्यात दिवंगत ज्ञातिबांधवांविषयी सात लेख होते. आम्ही ऱ्हस्वदीर्घ पाहत पाहत सातही लेख वाचले आणि शेवटी अशा स्थितीला आलो की, कोणता लेख कोणाविषयी आहे हे वरचे नाव पाहिल्यावाचून सांगता येईना. सातही जण प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होते. सातही जणांना समाजकार्याची आवड होती. सातही जणांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली होती. छापखान्यात छायाचित्रांची अदलाबदल झाली असती, तर घरच्या मंडळींवाचून कोणाच्या ध्यानातही आली नसती.

या सातांपैकी चौघांना आम्ही चांगले ओळखत होतो. त्यांतील एक गृहस्थ मनमिळाऊ मुळीच नव्हते. सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून त्यांनी वीस वर्षे अबोला धरला होता. पुढे त्याच भावाच्या विहिरीचे काम चालू असता एका बाजूची दरड ढासळली आणि आत माणूस अडकला, तेव्हा कमरेला दोर बांधून प्रथम उतरले ते हेच. वर आल्यावर भावाशी एक शब्दही न बोलता ते घरी निघून गेले. आम्ही त्या वेळी तेथे उभे होतो. त्यांच्या चिरंजिवांनी लिहिलेल्या लेखात यातील एक अक्षरही नव्हते. आम्ही त्यांना बोलावून विचारले, तर ते म्हणाले, "गुरुजी, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे. लेखात काहीतरी चांगलं लिहावं लागतं ना?"

आजचे आमचे बोलणे या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे. आमच्या नावावर एकही पुस्तक नाही. मॅट्रिकपर्यंतचे आमचे शिक्षण, आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकविण्यात गेला. तेव्हा ग्रंथकाराच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. मात्र चांगले लिहू शकणारी माणसे कशामुळे लिहीत नाहीत, हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. किंबहुना त्या पापात आमचाही वाटा आहे, म्हणून आधी त्याचीच कबुली देतो.

२००३ सालची गोष्ट. ते वर्ष आपल्या तालुक्याला किती कठीण गेले हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. श्रावण सरला तरी गावाला टँकरचेच पाणी होते. आम्ही सातवीच्या वर्गाला निबंध घातला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. विषय दरवर्षीचा, म्हणून घातला. खिडकीतून बाहेर पाहिले नाही. एका मुलाने रिमझिम सरी, हिरवा गालिचा, थुईथुई नाचणारा मोर आणि कागदाच्या होड्या असे सगळे साहित्य क्रमवार मांडले. त्याला आम्ही दहापैकी आठ गुण दिले आणि निबंध वर्गात वाचून दाखविला. त्या वर्षी आमच्या गावात हिरवे म्हणण्यासारखे बाभळीवाचून काही नव्हते, आणि त्या मुलाने मोर केवळ पुस्तकात पाहिला होता. एका मुलीने मात्र टँकर आल्यावर काय होते ते लिहिले होते. नळी विहिरीत सोडली म्हणजे बायका चारही बाजूंनी पोहरे कसे टाकतात. पोहऱ्याला पोहरा आपटून निम्मे पाणी पुन्हा विहिरीतच कसे पडते. आणि गर्दी हटल्यावर तिची आजी तळाचा गढूळ घोट फडक्यातून गाळून शेळीसाठी कसा नेते. शेवटी तिने लिहिले होते की, शेळी आधी पाण्याचा वास घेते आणि मग पिते. त्या वहीवर आम्ही लाल पेन्सिलीने 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा मारला आणि चार गुण दिले. मुलगी रडली नाही, तिने वही मिटून दप्तरात ठेवली. पुढच्या निबंधात तिनेही मोर आणला.

मघाच्या चिरंजिवांना 'काहीतरी चांगलं' लिहावयास कोणी शिकविले, हे आता निराळे सांगण्याची गरज नाही.

आम्हांला तरी ही विद्या कोठून लागली? याचा विचार करताना १९७२ च्या दुष्काळातील एक प्रसंग आठवतो. आम्ही त्या वेळी पोरवयाचे होतो. आपल्या तालुक्यातील कर्ते पुरुष तेव्हाही मुंबईला असत. मागे राहिलेल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडीत. मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस निघत होते. गल्लीत ज्या पोरांना बरे अक्षर येई, त्यांच्याकडे पत्रे लिहून घेण्याचा परिपाठ होता. नात्याने चुलती लागणाऱ्या एक बाई संध्याकाळी हातात कार्ड घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. आम्ही मोठ्या ऐटीत बसलो आणि शाळेत शिकविल्याप्रमाणे श्री, गावाचे नाव, तारीख, मायना, साष्टांग नमस्कार विनंती विशेष असे घालून 'इकडील सर्व क्षेम असून आपले क्षेम नेहमी कळवीत जावे' येथपर्यंत आलो. कार्ड निम्मे भरले होते. बाई दिव्याच्या उजेडात आमच्या हाताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "का रं बाळा, एवढा येळ काय लिव्हतुयास? म्या तर आजून काईच सांगितलं न्हाई."

इकडील सर्व क्षेम! विहीर आटलेली, एक बैल विकलेला, धाकट्या मुलाला आठ दिवस ताप. हा सगळा मजकूर उरलेल्या अर्ध्या कार्डात मावेना. शेवटी मुलाच्या तापाची गोष्ट आम्ही कडेच्या पांढऱ्या जागेत उभी लिहिली, आणि वाचणाऱ्याने कार्ड फिरवून घ्यावे असा बाण काढला. त्या कार्डात वाचण्याजोगे जे होते, ते कडेला गेले होते.

पुष्कळ वर्षांनी आम्हांला असे वाटू लागले की, आपल्या लोकांचे बहुतेक लेखन अद्यापि त्या कार्डासारखेच आहे. अर्धा लेख मायन्यात जातो. 'मानवी जीवन हे क्षणभंगुर आहे', 'या जगात अनेक माणसे येतात आणि जातात', 'आपल्या समाजाला थोर परंपरा लाभली आहे' ही सगळी 'इकडील सर्व क्षेम' याची भावंडे होत. म्हणून नव्याने लिहू लागणाऱ्यास आमची पहिली विनंती अशी की, लेख लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद हाताने झाकावा आणि दुसऱ्यापासून वाचून पाहावे. काही हरवले असे वाटले नाही, तर तो परिच्छेद निःशंकपणे काढून टाकावा. लिहिण्यापूर्वी मात्र त्याची चिंता करू नये. कित्येकांना मायना घातल्यावाचून हातच चालत नाही. त्यांनी तो खुशाल घालावा. विहिरीचा गाळ उपसल्यावर तो विहिरीच्या काठावर ठेवतात, घरी नेत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

आता मायना काढला तर मग लिहावयाचे काय? येथे आम्हांला आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाची आठवण होते. गोदावरीकाठच्या सराळ्याचे म्हाइंभट हे संस्कृत शास्त्रांत पारंगत असे पंडित होते. ते श्रीचक्रधरस्वामींचे अनुयायी झाले, आणि स्वामींच्या निर्गमनानंतर शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आसपास, त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ होय. म्हाइंभटांच्या विद्वत्तेचा माणूस आपल्या गुरूवर अलंकारांनी भरलेले स्तोत्र सहज रचू शकला असता. त्यांनी तसे केले नाही. ज्या ज्या माणसांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्यापाशी ते गेले आणि त्यांनी विचारले: स्वामी कोठे होते, समोर कोण होते, काय घडले, स्वामी काय बोलले? मिळालेली आठवण नागदेवाचार्यांपुढे ठेवून ताडून पाहिली, आणि मग लिहिली. पुढे या ग्रंथाचे जे निरनिराळे पाठ झाले, त्यांत एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसतील, तर तो भेदही टिपून ठेवलेला आढळतो. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या गावांची नावे, वाटा, देवळे, खाण्याचे पदार्थ, माणसांचे रुसवेफुगवे हे सारे आज त्या ग्रंथात आपल्याला दिसते, ते या विचारण्यामुळे.

म्हणून ज्याला आपल्या आजोबांविषयी लिहावयाचे असेल, त्याने कोरा कागद पुढे घेऊन आकाशाकडे पाहत बसू नये. उठावे आणि आत्याकडे जावे. आजोबांच्या बरोबरीचे कोणी हयात असेल तर त्याच्याकडे आधी जावे; तो लेखाची वाट पाहत थांबणार नाही. 'आजोबा कसे होते?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'फार चांगले होते' असेच यावयाचे. ते सकाळी उठून पहिल्याने काय करीत? जेवताना कोणत्या जागी बसत? मुंबईहून प्रथम आले तेव्हा हातात काय होते? उसने पैसे कोणाकडून आणीत? राग आला म्हणजे काय करीत? असे लहान लहान प्रश्न विचारावेत. उत्तरे येतील तशी, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावीत. चुलतीने 'आजून काईच सांगितलं न्हाई' असे म्हटले असेल, तर 'मी अद्याप काहीही निवेदन केलेले नाही' असे तिच्या तोंडी घालू नये. आमच्या पिढीतील शिक्षकांनी हा प्रमाद फार केला. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर घाबरू नये; म्हाइंभटांच्या परंपरेने तोही जतन केला आहे. 'थोरली आत्या असे सांगते, धाकटी तसे सांगते' असे सरळ लिहावे.

कित्येक जण म्हणतील, आमच्या घरात बोलणारे आहेत, पण लिहिणारे नाहीत. यावरही आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, ती महाराजांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ज्ञानेश्वरांची बरोबरी कोणी करावी असे आम्ही म्हणत नाही. पण एकाने सांगावे आणि दुसऱ्याने उतरून घ्यावे, यात कमीपणा नाही एवढेच दाखवावयाचे आहे. आजीने सांगावे, नातीने लिहावे. आजकाल मोबाईलमध्ये आवाज साठविता येतो, त्याचाही उपयोग करावा. मात्र एक अनुभव सांगतो. यंत्र पुढे ठेवले की आजी भाषण करू लागते. भाजी निवडताना, शेंगा फोडताना ती जे बोलते ते निराळे असते. तेव्हा आधी शेंगा फोडावयास बसावे.

याच मोबाईलवर तयार मजकूरही फार येतो. वाढदिवसाचा, श्रद्धांजलीचा, मातृदिनाचा. फक्त नाव बदलावयाचे. आता तर विषय सांगितला की संपूर्ण लेख लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांच्यावर रागावण्याचा आम्हांला अधिकार नाही, कारण तेच काम आम्ही लाल पेन्सिलीने वर्षानुवर्षे केले. पण विहिरीत दोर बांधून कोण उतरले हे त्या यंत्राला ठाऊक नाही. ते चिरंजिवांनाच ठाऊक होते, आणि त्यांनी ते लिहिले नाही.

पाहणे हाही विचारण्याचाच एक प्रकार आहे. निघोजचे रांजणखळगे आपण सर्वांनी पाहिले आहेत. कुकडीच्या पात्रातील काळ्या कातळात पाण्याच्या भोवऱ्याबरोबर दगडगोटे शतकानुशतके गरगर फिरले आणि त्यांनी ते रांजण कोरले. सहलीहून आल्यावर आम्ही मुलांना त्यावर लिहावयास सांगत असू, आणि प्रत्येक वहीत 'निसर्गाचा अद्भुत चमत्कार' हे शब्द येत. एका वर्षी आम्ही अट घातली की अद्भुत, चमत्कार, विलोभनीय आणि नयनरम्य हे चार शब्द कोणीही वापरावयाचे नाहीत. मुले अर्धा तास पेन चावीत बसली. मग एकाने लिहिले की, खळग्याच्या आतली बाजू आईच्या पाट्यासारखी गुळगुळीत लागते. दुसऱ्याने लिहिले की, वाकून हाक मारली तर आवाज परत येतो, पण आपला वाटत नाही. एवढे सुचण्यासाठी फक्त चार शब्द काढून घ्यावे लागले. ही युक्ती आम्हांला निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली असता सुचली, याचे वाईट वाटते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो, आणि तो आपल्या स्मरणिकेपुरता फार महत्त्वाचा आहे. खरे लिहावे, तर घरची अब्रू जाते. बांधाचे भांडण लिहावे काय? आजोबांचे कर्ज, काकांचे व्यसन, आत्याला सासरहून परत पाठविले ती हकीकत, हे लिहावे काय? ज्ञातीत मुलामुलींची लग्ने जमवावयाची असतात. आम्ही काही आकाशात राहत नाही.

या बाबतीत आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांचा आधार वाटतो. फुलामुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या या पत्नी. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या नगर शहरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आणि राहुरीस गेला. जन्म १८६८ चा. शाळेचे शिक्षण नव्हते. लग्नानंतर घरीच अक्षरओळख झाली. अशा बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठीतील आत्मचरित्रांत आज तिचे स्थान अगदी वरचे मानले जाते. या पुस्तकात घरातले काय नाही? वडिलांचे पराकोटीचे सोवळे आहे, नवऱ्याचा तापटपणा आहे, घरात पैसा न टिकणे आहे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्या वाट्याला आलेला वियोग आहे, आणि पुढे जातिभेद मनातून जाताना स्वतःची कशी ओढाताण झाली तेही आहे. असे असून वाचणाऱ्याच्या मनात कोणाविषयी तिरस्कार उत्पन्न होत नाही. याचे कारण आमच्या अल्पमतीप्रमाणे असे की, बाई दुसऱ्याची फजिती सांगण्यापूर्वी स्वतःची सांगतात, आणि कोणाचा दोष सांगितला तरी त्याच्यावर निकाल देत नाहीत. त्या बोलतात त्याच भाषेत लिहितात. शेजारणीला ओट्यावर बसून सांगावे तसे.

तेव्हा आमचे मत असे की, दोष लिहावयाचा तर आपल्यापासून आरंभ करावा. हयात माणसाला ज्याने इजा होईल, ते त्याला विचारल्यावाचून लिहू नये. तो नको म्हणाला तर वहीत लिहून ठेवावे, छापू नये. मेलेल्या माणसाला मात्र देव करून ठेवू नये. वीस वर्षांचा अबोला गाळला, तर विहिरीत उतरणे हे नुसते धाडस उरते. अबोल्यासह लिहिले तरच ते कोणासाठी उतरले हे कळते. या विचाराशी मंडळातील काही वडीलधारे सहमत नाहीत, याची आम्हांला जाणीव आहे. स्मरणिका ही कौतुकासाठी असते असे ते म्हणतात. आम्हांला त्या गृहस्थांचे कौतुकच करावयाचे आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. लहान विषय घ्यावा. 'आमचे घराणे' यावर लिहू नये, 'आमच्या घरातील शिवणयंत्र' यावर लिहावे. घराणे आपोआप येते. रोज अर्धा तास ठरवून बसावे, स्फूर्तीची वाट पाहू नये. शुद्धलेखनाची धास्ती बाळगू नये, ते आमच्यासारखे निवृत्त लोक पाहतील. लिहून झाल्यावर आठ दिवस कागद बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा, तोही शक्यतो त्या प्रसंगी हजर असलेल्या माणसापुढे. जेथे तो मध्येच बोलू लागेल तेथे वाचन थांबवून तो काय म्हणतो ते लिहून घ्यावे. जेथे तो जांभई देईल तेथे खूण करावी.

मघाच्या चिरंजिवांना आम्ही हे सर्व सांगितले होते. त्यांचा तो लेख होता तसाच छापला गेला, कारण छपाईची घाई होती. परंतु परवा ते घरी आले आणि दुमडलेले चार कागद पुढे ठेवून म्हणाले, चुलत्यांकडे जाऊन विचारून आलो. चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी सांगितलेली हकीकत आमच्या आठवणीहून थोडी निराळी आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विहिरीतून वर आल्यावर त्यांचे भाऊ अगदीच काही बोलले नाहीत असे नाही. 'दोर जुना आहे, बदल' एवढे बोलले. आम्ही जवळच उभे होतो, आम्हांला ते ऐकू आले नव्हते. लेखात दोन्ही गोष्टी ठेवाव्यात असे आम्ही सुचविले आहे. तो यंदाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसांकडे दिला आहे.

ज्या तरुण मंडळींना व विशेषतः भगिनींना काही लिहावयाचे असेल, त्यांनी कच्चे कागद घेऊन आमच्या घरी अवश्य यावे. सकाळी दहापर्यंत आम्ही घरीच असतो.